ढाक्यातला भूतानी संत्रा आणि दिल्लीतली भूतानची वकिलात

भाऊ, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ कळेल. तुम्ही वरूड तालुक्यातले संत्रा बागायतदार. तुमचं म्हणणं असं, की बांगलादेशात आपल्या संत्र्यावर जबर ड्युटी लागते, भूतानचा संत्रा मात्र तिथे ड्युटीशिवाय जातो, आणि जातो तोही आपल्याच रस्त्यानं. एवढासा देश, सगळं भारताच्या आधारावर. मग त्याची दिल्लीतली वकिलात करते तरी काय? आणि भारत त्यांना एक शब्द का बोलत नाही?

मी परराष्ट्र मंत्रालयात २८ वर्षं काढली. साधा असिस्टंट म्हणून लागलो आणि अंडर सेक्रेटरी म्हणून निवृत्त झालो. त्यातली बरीच वर्षं नेपाळ-भूतानचं काम पाहणाऱ्या नॉर्दर्न डिव्हिजनमध्ये गेली, तीन वर्षं भूतानच्या राजधानीत, थिंपूत. आता काटोल तालुक्यात गावी असतो. वडिलांनी लावलेली शे-दीडशे संत्र्याची झाडं अजून उभी आहेत, त्यामुळे तुमची कळ मला ऐकीव नाही. पण प्रश्नातला राग चुकीच्या दाराशी गेलाय, असं मला वाटतं. म्हणून जरा लांबून सुरुवात करतो.

भूतान केवढा आहे ते आधी डोळ्यांसमोर आणा. क्षेत्रफळ ३८,३९४ चौरस किलोमीटर. गडचिरोली, चंद्रपूर आणि यवतमाळ हे तीन जिल्हे जोडले, की भूतानपेक्षा थोडं जास्तच होतं. माणसं पावणेआठ लाखांच्या आसपास. एकट्या गडचिरोली जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत १० लाख ७२ हजार होती. म्हणजे आपल्या सगळ्यात विरळ जिल्ह्याहूनही कमी माणसांचा हा देश. एका बाजूला भारत, दुसऱ्या बाजूला चीन, समुद्र कुठेच नाही.

आता गडचिरोलीतल्या दूरच्या भामरागडच्या माणसाचं मुंबईत काम अडलं तर त्याला काय करावं लागतं? फाईल कोणत्या टेबलावर आहे हे शोधावं लागतं, तिथला साहेब कोणत्या दिवशी भेटतो हे माहीत करून घ्यावं लागतं, आणि एका फेरीत काम झालं नाही तर पुढच्या फेरीचं भाडं जमवावं लागतं. तरी त्याला आमदार आहे, खासदार आहे, पाच वर्षांनी मतदान आहे. भूतानचा दिल्लीत आमदार नाही, खासदार नाही, एक मतदारही नाही. आहे ती फक्त चाणक्यपुरीत चंद्रगुप्त मार्गावरची वकिलात. त्या घरातून जे काम होईल तेवढंच दिल्लीत त्यांचं काम होतं.

पण भामरागडच्या माणसाकडे नसलेली एक गोष्ट भूतानकडे आहे, ती म्हणजे बरोबरीचा दर्जा. १९६१ च्या व्हिएन्ना करारानं जगभरच्या वकिलातींचे नियम बांधून दिले. वकिलातीच्या आवारात यजमान देशाचा पोलीस परवानगीशिवाय पाय ठेवू शकत नाही, राजदूताला अटक करता येत नाही, त्याची सरकारी डाक उघडता येत नाही. आणि राजदूतांचा आपसातला मान देशाच्या आकारावर ठरत नाही. कोणी आधी येऊन पदभार घेतला त्या तारखेवर ठरतो. समारंभात अमेरिकेचा राजदूत मागे आणि एखाद्या बेटाचा राजदूत पुढे, हे मी कितीदा पाहिलंय. दिल्लीत कित्येक वर्षं सगळ्या परदेशी राजदूतांचे ज्येष्ठ, म्हणजे डीन, होते डॉमिनिकन रिपब्लिकचे राजदूत. तो देश नकाशावर दाखवा म्हटलं तर आपल्यातले बरेच जण अडखळतील. छोट्या देशांसाठी हा नियम फार मोठा आधार आहे.

हा दर्जा भूतानला आयता मिळाला नाही. १९१० च्या पुनाखा तहानं इंग्रजांनी त्यांचे परराष्ट्र व्यवहार आपल्या सल्ल्याखाली घेतले होते. स्वतंत्र भारतानं ८ ऑगस्ट १९४९ ला दार्जिलिंगमध्ये जो मैत्री करार केला, त्याच्या दुसऱ्या कलमात हीच गोष्ट राहिली. भारत भूतानच्या अंतर्गत कारभारात ढवळाढवळ करणार नाही, आणि भूतान परराष्ट्र व्यवहारात भारताच्या सल्ल्यानं चालेल. १९५८ मध्ये नेहरू भूतानला गेले तेव्हा तिथे जायला धड रस्ता नव्हता. नथू ला ओलांडून, तिबेटच्या चुंबी खोऱ्यातून, खिंडी चढत-उतरत ते पारोला पोचले. सोबत इंदिरा गांधी होत्या. तुम्ही स्वतंत्र राहावं, आपली वाट आपण निवडावी, असं त्यांनी तिथल्या लोकांना सांगितलं. तिसरे राजे जिग्मे दोर्जी वांगचुक यांनी तो शब्द धरून ठेवला आणि एकेक पायरी चढत गेले. १९६२ मध्ये कोलंबो योजना, १९६९ मध्ये जागतिक टपाल संघटना, आणि २१ सप्टेंबर १९७१ ला संयुक्त राष्ट्रांचं सदस्यत्व. टपाल संघटनेचं नाव ऐकून कोणाला ते किरकोळ वाटेल. पण आपला स्टॅम्प लावलेलं पत्र जगात पोचतं, हा आपण देश असल्याचा पुरावाच असतो. दिल्लीत त्यांचं मिशनही १९७१ मध्येच उघडलं आणि १९७८ मध्ये त्याला पूर्ण दूतावासाचा दर्जा मिळाला. १९४९ चं ते दुसरं कलम मात्र बदललं थेट ८ फेब्रुवारी २००७ च्या नव्या करारात. 'सल्ल्यानं चालेल' गेलं, आणि आपापल्या राष्ट्रहिताच्या बाबतीत दोघं जवळून सहकार्य करतील, आपली भूमी दुसऱ्याविरुद्ध वापरू देणार नाहीत, असं आलं. एक वाक्य बदलायला ५८ वर्षं लागली. त्यातल्या माझ्या नोकरीच्या काळात भूतानच्या बाजूनं मी कधी चढा आवाज ऐकला नाही.

तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर इथून सुरू होतं. दिल्लीतली वकिलात ही भूतानसाठी फक्त भारताशी बोलायची जागा नाही, जगाशी बोलायचीही ती एक मोठी खिडकी आहे. थिंपूत कायमचे दूतावास हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, त्यात भारताचा आणि बांगलादेशचा. कितीतरी देशांचे दिल्लीतले राजदूतच भूतानचंही काम पाहतात. चीनशी तर भूतानचे राजनैतिक संबंधच नाहीत. २०१७ मध्ये भारत-भूतान-चीन सीमेजवळच्या डोकलाम पठारावर चिनी सैन्यानं रस्ता पुढे रेटायला घेतला तेव्हा भूतानला निषेध नोंदवायचा होता. बीजिंगमध्ये त्यांचं कोणी नव्हतं, थिंपूत चीनचं कोणी नव्हतं. तो निषेध भूतानच्या दिल्लीतल्या दूतावासानं चीनच्या दिल्लीतल्या दूतावासाला दिला. पुढे ७३ दिवस दोन मोठ्या देशांची फौज त्या पठारावर समोरासमोर उभी राहिली, आणि जमिनीवर हक्क सांगणारा देश होता भूतान. त्या दिवसांत त्यांच्या राजदूताला किती मोजकं बोलावं लागलं असेल याची कल्पना करा. एक शब्द इकडे झाला तर दिल्ली दुखावणार, तिकडे झाला तर उत्तरेची सीमा पेटणार. भूताननं २९ जूनला एक छोटं निवेदन काढलं. रस्ता बांधणं हा १९८८ आणि १९९८ च्या लेखी समझोत्यांचा भंग आहे आणि १६ जूनपूर्वीची स्थिती परत यावी, इतकंच त्यात होतं. ज्याला मसुदे लिहायचं काम करायचं आहे त्यानं ते निवेदन जरूर वाचावं.

रोजचं काम मात्र असं पेपरात येणारं नसतं. ते असतं वीज, रस्ते, आजारी माणसं, शिष्यवृत्तीवरची मुलं, आणि माल. भूतानचे गंभीर आजारी रुग्ण तिथलं सरकार कोलकात्याला, वेल्लोरला पाठवतं. त्यांच्या मागे धावणारं कोणीतरी लागतं. विजेचं तर विचारूच नका. चुखा ३३६ मेगावॅट, ताला १०२०, मांगदेछू ७२०. हे तिन्ही प्रकल्प भारताच्या पैशातून उभे राहिले, काही अनुदान, काही कर्ज, आणि वीज येते भारतात. तिन्हींची बेरीज २०७६ मेगावॅट. आपलं चंद्रपूरचं एकटं केंद्र २९२० चं. आपल्याला ती वीज म्हणजे ग्रीडमधला एक थेंब, त्यांच्या तिजोरीचा तो मोठा झरा. म्हणून दर ठरवताना आपला अधिकारी 'पाच-दहा पैशांचा तर प्रश्न आहे' म्हणतो, तेव्हा समोरच्याच्या डोळ्यांपुढे शाळा आणि दवाखाने असतात. हे मला थिंपूत राहिल्यावर कळलं. दिल्लीत बसून ते कधी कळलं नसतं.

आता मालाबद्दल, कारण तुमचा प्रश्न तिथलाच आहे.

डिसेंबर महिना, शुक्रवार, संध्याकाळचे साडेपाच. भूतानच्या वकिलातीतल्या एका तरुण अधिकाऱ्याचा मला फोन आला. संत्र्याचे ट्रक सीमेवरच्या एका नाक्यावर उभे होते. एका कार्यालयाचं एक पत्र हवं होतं, आणि त्या कार्यालयातले साहेब 'सोमवारी बघू' म्हणून निघून गेले होते. त्या साहेबांच्या मनात काही वाईट नसेल, त्यांच्यासाठी तो एक कागद होता. मी मात्र संत्र्याच्या घरातला. पेटीत एक फळ सुटलं की शेजारची दहा घेऊन जातं, हे मी लहानपणी बापाच्या तोंडून ऐकलेलं. सोमवारपर्यंत ताडपत्रीखाली त्या मालाचं काय होईल ते मला दिसत होतं. मी तीन-चार ठिकाणी फोन लावले, आणि शनिवारी सकाळी नऊ वाजता पत्र फॅक्सनं नाक्यावर पोचलं.

ही हकीकत मी माझं कौतुक व्हावं म्हणून सांगत नाही. त्या पोरानं जे केलं ते तुमच्या कानावर घालायचंय. त्यानं तक्रार केली नाही, राजदूतांना मध्ये आणलं नाही, मैत्रीच्या आणाभाका घेतल्या नाहीत. त्याच्याकडे कागदावर तयार होतं : ट्रक किती, नंबर कोणते, माल किती, कोणत्या नाक्यावर किती वाजल्यापासून उभे, कोणत्या कलमाखाली पत्र हवंय आणि ते कोणाच्या सहीनं निघतं. माझं काम दहा मिनिटांचं उरलं. बाकी सगळं त्यानं आधीच केलं होतं.

छोट्या देशाची वकिलात ही अशी चालते. मोठ्या देशाचा राजदूत 'आमचं काम अडलंय' एवढं म्हणाला तरी हालचाल होते, कारण त्याच्यामागे बाजार असतो, सैन्य असतं. छोट्याकडे तसं काही नसतं. म्हणून त्याला नेमकं मागावं लागतं. सुपारीचंच बघा. आपल्याकडे सुपारी म्हटली की खर्राच आठवतो, भूतानच्या दक्षिणेकडच्या शेतकऱ्याला ती नगदी पीक. भारतात सुपारीच्या आयातीवर किमान किमतीची अट आहे, त्यामुळे त्यांचा माल अडायचा. त्यांनी 'सुपारीवरची अट काढा' असं मागितलं असतं, तर कर्नाटक-केरळच्या बागायतदारांनी डोक्यावर घर घेतलं असतं, आणि ते रास्तच होतं. सप्टेंबर २०२२ मध्ये निघालेली अधिसूचना काय म्हणते? फक्त ओली सुपारी, वर्षाला १७,००० टन, बंगालमधल्या जयगावच्या नाक्यावरूनच, तेवढ्यापुरती अट माफ. वस्तू ठरलेली, वजन ठरलेलं, नाका ठरलेला. भारताला ते झेपण्यासारखं होतं, म्हणून झालं.

ढाक्यातल्या संत्र्याचंही तेच. भूतान आणि बांगलादेश यांच्यात ६ डिसेंबर २०२० ला प्राधान्य व्यापार करार झाला. भूतानच्या ३४ वस्तूंना तिथे शुल्क नाही आणि त्यात संत्रा आहे. बांगलादेशच्या १०० वस्तूंना भूताननं तशीच मोकळीक दिली. बांगलादेशनं कोणत्याही देशाशी केलेला तो अशा प्रकारचा पहिला करार. आणि तारीख मुद्दाम निवडलेली : १९७१ मध्ये ६ डिसेंबरलाच भूताननं बांगलादेशला मान्यता दिली होती. युद्ध चालू होतं, ढाका अजून पडलं नव्हतं, आणि हा एवढासा देश उभा राहिला. अशी आठवण एखादा देश पन्नास वर्षं जपून ठेवतो आणि योग्य वेळी टेबलावर ठेवतो. शिवाय भूतानचा संत्रा असून असणार किती? ढाक्याच्या बाजाराला त्याची धास्ती नाही. आपला वरूड-मोर्शी-काटोलचा माल गेला तर ट्रकांच्या रांगा लागतात, तिथल्या सरकारला त्यावर महसूल दिसतो, परकीय चलनाचा खर्च दिसतो. म्हणजे ही ड्युटी भूताननं तुमच्यावर बसवलेली नाही, आणि भूतानचा संत्रा उद्या थांबला तरी ती उतरणार नाही.

राहिला रस्ता. भूतानचा माल फुंतशोलिंगहून जयगावला येतो आणि उत्तर बंगालमधून चांगराबांधामार्गे बांगलादेशात जातो. ही वाट आपण मेहरबानी म्हणून देत नाही. भारत-भूतान व्यापार आणि वाहतूक करार १९७२ पासून आहे, २०१६ मध्ये तो नव्यानं झाला. समुद्र नसलेल्या देशाला शेजाऱ्यातून वाट मिळणं हा त्याचा श्वास असतो. तुमच्या बागेत जायची वाट दुसऱ्याच्या वावरातून असेल, तर मला काय म्हणायचंय ते तुम्हाला जास्त सांगायला नको. वहिवाटीची वाट बांधावरच्या भांडणात अडवली की काय होतं, ते आपल्या प्रत्येक तालुक्याच्या तहसिलीत दिसतं.

'भारत एक शब्द का बोलत नाही' याचं उत्तरही यातच आहे. बोलून पाहिलेलं आहे. मार्च १९८९ मध्ये नेपाळबरोबरचे व्यापार आणि वाहतुकीचे करार संपले, वाद चिघळला आणि दोन नाके सोडून बाकीची सीमा बंद झाली. तेव्हा आपले परराष्ट्रमंत्री होते पी. व्ही. नरसिंह राव, आपल्या रामटेकचे खासदार. नेपाळनं चीनकडून शस्त्रं घेतली, हे त्यामागचं एक कारण. काठमांडूत रॉकेलसाठी रांगा लागल्या. ते वर्ष नेपाळी माणूस अजून विसरलेला नाही, आणि माझ्या मते त्या नाकेबंदीतून आपल्या हाती जे आलं त्यापेक्षा गेलं जास्त. भूतानच्या बाबतीत १ जुलै २०१३ ला स्वयंपाकाचा गॅस आणि रॉकेल यांच्यावरची भारताची सवलत थांबली. दिल्लीचं म्हणणं होतं, की त्यांच्या पंचवार्षिक योजनेची मुदत ३० जूनला संपली, त्यासोबत व्यवस्थाही संपली. पण १३ जुलैला तिथे मतदान होतं. थिंपूतल्या बाईला योजनेची मुदत कळत नाही, तिला सिलिंडरचा भाव कळतो. लोकांनी त्याचा अर्थ लावायचा तो लावला. ऑगस्टमध्ये सवलत परत सुरू झाली. तो निर्णय हेतुपुरस्सर होता असं मी म्हणत नाही. पण मोठ्या देशानं छोट्या शेजाऱ्याच्या निवडणुकीच्या पंधरवड्यात मुदतीचं कारण सांगू नये, हे मी तेव्हाही म्हटलं होतं आणि आजही म्हणतो.

आणि भूतान सगळ्याला मान डोलावतो असंही समजू नका. अण्वस्त्र प्रसारबंदी करारावर भारत सही करत नाही. भूतान १९८५ मध्येच त्यात गेला. २०१५ मध्ये बांगलादेश, भूतान, भारत आणि नेपाळ या चार देशांच्या मोटार वाहतुकीचा करार थिंपूतच झाला, भारताचा त्याला मोठा आग्रह. त्यांच्या वरिष्ठ सभागृहानं तो २०१६ मध्ये फेटाळला. आपले अरुंद घाटरस्ते, आपली हवा, आपले थोडके ट्रकवाले यांचं काय, असा त्यांचा प्रश्न होता. सरकारनं बाकीच्या तिघांना सांगितलं, तुम्ही पुढे व्हा, आमचं जमेल तेव्हा बघू. भारतानंही ते समजून घेतलं. उलट डिसेंबर २००३ मध्ये आसामच्या बंडखोरांचे भूतानमधले तळ उठवायला त्यांच्या राजानं स्वतः फौज पुढे नेली. स्वतःचं थोडकं सैन्य, समोर जंगलात मुरलेले हत्यारबंद लोक, आणि हल्ला करायचा तो शेजाऱ्याच्या सुरक्षेसाठी. ते ऋण पैशात मोजता येत नाही. भारतानं भूतानच्या १३ व्या पंचवार्षिक योजनेसाठी १० हजार कोटी जाहीर केले तेव्हा 'एवढे कशाला' असं गावात मला पुष्कळांनी विचारलं. त्यांना मी २००३ सांगतो.

थिंपूतली एक गोष्ट सांगावीशी वाटते. तिथे मिरची भाजी म्हणून खातात, चीजमध्ये शिजवून. भिवापुरी मिरचीवर वाढलेल्या माझ्या जिभेलाही घाम फुटला होता. जिथे मी हे जेवायला जायचो त्या घरातले म्हातारे रोज भारतीय बातम्या पाहायचे. कुठल्या तरी चॅनेलवर कोणी 'आपला भूतान' म्हणालं की ते टीव्ही बंद करायचे. काही बोलायचे नाहीत, पुढे वाढत राहायचे.

आता तुमच्या संत्र्याचं. भूतानच्या वकिलातीला पत्र लिहायचं तुम्ही म्हणताय, त्याचा काही उपयोग नाही. तुमचं काम ढाक्याशी आहे, आणि ढाक्याशी बोलणार दिल्लीचं वाणिज्य मंत्रालय. ढाक्यातल्या आपल्या उच्चायुक्तालयातही व्यापाराचं काम पाहणारे अधिकारी असतात. खासदारांमार्फत जा, तुमच्या शेतकरी कंपनीमार्फत जा, दोन्ही करा. पण निवेदन आपल्या नेहमीच्या पद्धतीचं नको. दिल्लीत आलेली आपल्या भागातली निवेदनं मी वाचली आहेत. चार पानं, त्यात शेतकऱ्याचे हाल सगळे खरे, सह्या दोनशे, आणि आकडा एकही नाही. वाचणारा हळहळतो आणि फाईलला लावून टाकतो, कारण त्याला पुढे काय लिहायचं ते कळत नाही. एक पान करा. गेल्या तीन हंगामांत तुमच्या गटातून किती ट्रक गेले, दर वर्षी ड्युटी किती होती, वावरात भाव काय मिळाला, कोणत्या नाक्यावर किती दिवस लागले. मागणीही सगळ्या संत्र्याची, बारा महिन्यांची करू नका. त्यांचा बाजार कोणत्या आठवड्यांत रिकामा असतो ते तिथल्या व्यापाऱ्याला विचारा, आणि तेवढ्या आठवड्यांपुरती, ठरावीक वजनापर्यंत कमी ड्युटी मागा. समोरच्याला देता येईल असं मागितलं तर बोलणं निदान सुरू होतं.

ट्रकांच्या बिल्ट्या आणि मंडीच्या पावत्या जमवायला आत्ताच लागा, तोडणी सुरू झाली की कोणालाच फुरसत राहणार नाही. आकडे हाती आले की मला कळवा, मसुदा आपण बसून करू. आंबिया बहाराचा माल निघेपर्यंत मी गावातच आहे.